आजीची भाषा कशाला सोडायची?

दोस्तांनो, आज एक मोजणी करा बरं. सकाळपासून तुम्ही किती भाषा बोललात? घरात आईशी मराठी, शाळेत बाईंशी इंग्रजी, रिक्षावाल्या काकांशी हिंदी आणि आजी मालवणची असेल तर तिच्याशी मालवणी. झाल्या की चार! आणि कुणाशी कोणती बोलायची, याचा तुम्ही क्षणभरही विचार केला नसेल.

आता समजा, तुमच्याच इमारतीत एक चार वर्षांचा मुलगा आहे. आपण त्याला सोनू म्हणू. सोनू फारसा बोलत नाही. हाक मारली तर वळून बघेलच असं नाही. गाडी उलटी करून तिचं चाक फिरवत बसतो. डॉक्टर म्हणाले, याला ऑटिझम आहे. मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो ना, तेच. मग कुणीतरी घरच्यांना सल्ला दिला, 'याच्याशी एकाच भाषेत बोला, दोन भाषांनी तो गोंधळेल. शाळा इंग्रजी, तेव्हा घरातही इंग्रजीच!'

ऐकायला पटतं, नाही? एक भाषा जड जाते, त्याच्यावर दोन कशाला लादायच्या? जगभर कितीतरी पालकांना असंच सांगण्यात आलं. पण पडताळून पाहिलं, तेव्हा वेगळंच निघालं. कॅनडात माँट्रियल नावाचं शहर आहे. तिथे फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चालतात, शिवाय बाहेरून आलेल्या लोकांच्या भाषा वेगळ्याच. तिथे झालेला ऑटिझम असलेल्या ७५ लहान मुलांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातली ४५ मुलं एकाहून जास्त भाषा ऐकत होती, ३० मुलं एकच. जास्त भाषावाली मुलं मागे पडली होती का? मुळीच नाही! त्याच वर्षी कॅनडातच चिनी आणि इंग्रजी ऐकणाऱ्या छोट्यांचाही एक लहानसा अभ्यास झाला. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजले, तर त्या मुलांचे शब्द जास्तच भरले.

मग या मुलांना बोलणं जड का जातं? एक खरी गोष्ट सांगतो. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा ११ मुलांची हकिगत लिहिली. त्यांतला पहिला डोनाल्ड. त्याचे वडील त्याला म्हणाले, "तू 'होय' म्हणालास तर तुला खांद्यावर घेईन." डोनाल्ड 'होय' शिकला. पण त्याच्या लेखी 'होय' म्हणजे 'मला खांद्यावर घ्या'! त्या शब्दाचा साधा अर्थ त्याला कळायला कितीतरी महिने लागले. आणि गंमत बघा, डोनाल्डच्या घरात भाषा एकच होती!

म्हणजे अडचण भाषा किती, ही नाहीच. शब्दाच्या मागे माणसाच्या मनात काय आहे, हे ओळखणं अवघड जातं. सोनूला तहान लागली की तो म्हणतो, "तुला पाणी हवंय का?" तुम्ही हसाल. पण पाणी मिळण्याआधी आई दर वेळी हेच वाक्य म्हणते, म्हणून त्यानं ते अख्खंच उचललं. तो आपल्याला विचारत नाहीये, पाणी मागतोय! निमूटपणे पेला द्यायचा आणि म्हणायचं, "मला पाणी हवंय." हळूहळू तेही तो उचलेल.

आता त्या सल्ल्याचं काय होतं बघा. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून ती गप्प. बाबा अडखळत चार वाक्यं बोलतात आणि थांबतात. रात्रीची गोष्ट बंद, अंगाई बंद, जेवताना चाललेल्या गप्पा सोनूच्या डोक्यावरून. ज्या मुलाला बोलणं जास्तीत जास्त कानावर पडायला हवं, त्याच्याच घरात शुकशुकाट!

काही मुलं तोंडानं बोलतच नाहीत. त्यांच्यासाठी चित्रांची कार्डं असतात. मोबाइलवर चित्र दाबलं की शब्द बोलून दाखवणारी अॅपही आहेत. आपल्या मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' मराठीतही बोलतं. आणि चित्रं वापरली की मूल बोलायचा आळस करतं, ही भीतीही खोटी आहे.

आई-बाबांनो, हा मजकूर तुमच्यासाठीही आहे. काही मुलं टीव्ही-मोबाइलवरून आपणहून इंग्रजी उचलतात. उचलू द्या, पण म्हणून आपली भाषा मिटवून ठेवू नका. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंना घरी कोणकोणत्या भाषा चालतात, ते आधीच सांगा. प्रत्येक मूल वेगळं, तेव्हा किती आणि कसं, ते त्यांच्याशी बोलून ठरवा.

आणि दोस्तांनो, तुमच्या वर्गात किंवा इमारतीत असा एखादा सोनू असेल, तर तीन गोष्टी करा. छोटं वाक्य बोला. बोलून झाल्यावर मनातल्या मनात दहा आकडे मोजा, त्याला उत्तर जुळवायला वेळ लागतो. आणि त्यानं चाक फिरवलं, तर शेजारी बसून तुम्हीही एक चाक फिरवा. तेसुद्धा बोलणंच आहे!