अ‍ॅडॉल्फ या नावाचा काय दोष?

आपल्याकडे मुलाचे नाव कोणी कंस ठेवत नाही. बिभीषण मात्र खेड्यापाड्यांतून भेटतो. नाव ठेवताना आपण कथा विसरत नाही, एवढे खरे. जर्मन लोकांनीही १९४५ नंतर हेच केले. 'उमदा लांडगा' अशा अर्थाचे 'अ‍ॅडॉल्फ' हे त्यांचे जुने, घरंदाज नाव. आज तिकडच्या पाळण्यात ते क्वचितच पडते.

वास्तविक हे नाव काही एकट्या हिटलरचे नव्हते. प्रयोगशाळेत नीळ तयार करणारा अ‍ॅडॉल्फ फॉन बायर १९०५ च्या नोबेलचा मानकरी. कारखान्यातली नीळ १८९७ पासून बाजारात आली आणि आपल्या बिहारातली निळीची शेती बसली. (याबद्दल त्याच्यावर रागवायचे की नाही, ते विज्ञान शाखेच्या मित्रांनी ठरवावे!) दुसरा अ‍ॅडॉल्फ डॅस्लर. घरी त्याला 'आदी' म्हणत. या 'आदी'ला आडनावातला 'दास' जोडून १९४९ मध्ये 'आदिदास' झाले. खरे असोत वा नकली, ते बूट आपल्या कॉलेजात रोज दिसतात.

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये एक अ‍ॅडॉल्फ प्रेक्षागारात बसला होता, तर दुसऱ्याच्या कारखान्यातले बूट घालून जेसी ओवेन्स हा कृष्णवर्णीय धावपटू चार सुवर्णपदके जिंकत होता. त्याच बर्लिनमध्ये आपल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुले देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आली.

मी अकोल्याचा. आमचे आबा ही हकिगत पाहुण्यांना हटकून ऐकवतात आणि शेवटी मांडीवर थाप मारून म्हणतात, "खुद्द हिटलरनं पाठ थोपटली आपल्या पोट्ट्यांची!" पहिल्या वर्षाला असताना मीही वसतिगृहात हीच फुशारकी मारली होती. पुढे ग्रंथालयात वाचले, की त्या खेळांच्या तोंडावर, १६ जुलै १९३६ रोजी, बर्लिनमधल्या रोमा लोकांना धरून मार्झानच्या तळावर नेऊन कोंडले होते. या रोमांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आपल्याच देशातून तिकडे गेलेले. शहराजवळ साक्सेनहाउझेनची छळछावणीही त्याच उन्हाळ्यात उभी राहत होती. असल्या हाताची थाप मिरवायची?

माझे म्हणणे एवढेच, की तिकडे बिचारे पहिले नाव टाकले गेले आणि आपण मात्र आडनाव लाडाने वापरतो. कडक सरांना 'हिटलर' म्हणतो. २०११ मध्ये तर 'हिटलर दीदी' ही मालिका घरोघर पाहिली गेली. हजेरी घेणारे सर आणि लाखोंना मारणारा माणूस यांना एकच शब्द? सरांवर हा अन्याय आहेच, पण मेलेल्यांवर त्याहून मोठा.

दिवाळीत आबांना म्हटले, "मल्लखांबाचं सांगा, हिटलरचं गाळा." आबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग पाव्हना आयकन कायले?"