आयतं ताट

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघीजणी स्तवनिधीला दर्शनाला गेलो होतो. परतताना निपाणीत एका घरगुती खानावळीत जेवलो. घराच्याच पुढच्या खोलीत चार टेबलं, आत चुलीवर भाकरी. बाई म्हणाली, "बसा अक्का, गरम हाय." कांदा-लसूण चालत नाही म्हटल्यावर तिनं झुणका वेगळा टाकून दिला. प्यायचं पाणी आम्ही घरचं, गाळलेलं नेलं होतं. ऊन उतरायच्या आत जेवणं आटोपली.

घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. "बायका-बायका हॉटेलात जेवलात? आपल्यात असलं चालतंय काय?"

विचारणारे घरातलेच. बाजाराच्या दिवशी बेळगावला गेले की मिसळ खाऊनच परततात. त्यांना कधी कुणी विचारलंय, रश्श्यात कांदा होता का, पाणी गाळलेलं होतं का, किती वाजता खाल्लीत?

खानावळीत आपला आचार नीट पाळला जात नाही, असं कुणी म्हणालं तर मी मान्य करीन. खरंच आहे ते. पण मग ती मोजपट्टी सगळ्यांच्या ताटाला लावा. पुरुषाचं ताट म्हणजे कामाची अडचण आणि बाईचं ताट म्हणजे घराची अब्रू, असं आपल्या कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

शास्त्र वेगळंच सांगतं. कृत, कारित, अनुमोदित. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला मान डोलावणं, तिन्हींचा दोष लागतो. आता आपल्या घरातली संध्याकाळ आठवा. सूर्यास्ताआधी सगळ्यांची पानं उठली पाहिजेत. सासरे, नवरा, पोरं, ऐन वेळी आलेले पाहुणे. सगळ्यांना गरम भाकरी वाढता वाढता दिवस मावळतो आणि वाढणारीचाच घास राहतो. तिचाही रात्रीभोजन त्याग असतो. ती उपाशी निजते. घरात म्हणतात, किती धार्मिक आहे! अहो, तो उपवास तिनं केलेला नाही, तुम्ही तिच्याकडून करवलाय. आणि आपण सासवा-जावा मान डोलावतो, म्हणजे अनुमोदन आपलंही.

निपाणी तंबाखूचं गाव, तसं क्युबा तंबाखूचं बेट. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथं अन्नाचे फार हाल झाले. लोकांनी घरातच टेबलं मांडून जेवण विकायला सुरुवात केली. १९९३ साली सरकारनं त्याला परवानगी दिली. पुढे अट घातली, खुर्च्या फक्त १२. तिथल्या गल्लीबोळांतल्या या खानावळींना 'पालादार' म्हणतात. नाव आलं ब्राझीलच्या एका टीव्ही मालिकेवरून. त्यातली नायिका समुद्रकाठी खाणं विकत विकत जेवणाचा मोठा धंदा उभारते आणि त्याला पालादार म्हणते. तिथलं सगळंच जेवण आपल्याला चालणार नाही, तो मुद्दा नाही. एका कष्टाळू बाईच्या धंद्याचं नाव तिथं गल्लोगल्ली अभिमानानं घेतात. आपल्याकडे खानावळ चालवणारीला म्हणतात, बिचारी, वेळ आली तिच्यावर. आणि तिथं जाऊन जेवणारीला म्हणतात, घरात चूल नाही काय?

आहे की चूल! तीस वर्षं मीच पेटवतेय. म्हणून तर त्या दिवशीचं ताट लक्षात राहिलं. भाकरी पापुद्रा सुटलेली, वाफ येणारी, आणि ती दुसऱ्या कुणीतरी माझ्यापुढं ठेवलेली. आमच्यातली एकजण म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा पहिली भाकरी मला मिळाली." यावर आम्ही हसलो, आणि मग कुणीच काही बोललं नाही.

ज्या स्तवनिधीला १८९९ साली दक्षिण भारत जैन सभेची स्थापना झाली, तिथूनच आम्ही परतत होतो. समाज सुधारायचा म्हणून ती माणसं तेव्हा एकत्र आली. सव्वाशे वर्षांनंतर आम्ही काय मागतोय? वेळेवर दोन घास.

म्हणून बायांनो, पुढच्या वेळी कुणी विचारलं तर खाली मान घालू नका. सरळ सांगा: उद्यापासून ऊन उतरायच्या आत भाकरी तुम्ही भाजा, पहिलं पान आमचं मांडा. ते जमत नसेल, तर आम्ही खानावळीत बसलो म्हणून धर्म बुडाला, असं म्हणू नका.