टोपी ज्याची त्याने घडवावी

ज्याच्या हातून काम चोख होते, त्याला ते दुसऱ्याच्या हाती सोपवणे फार जड जाते. अनेक नामांकित पेढ्या व्यवहारात कधी चुकत नाहीत, पण नेमक्या याच वळणावर अडखळतात. इंग्रज कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांनी हा प्रश्न एका कठोर वृद्धेच्या आणि मेंढपाळ घरातील एका मुलीच्या कथेतून हाताळला आहे. २००३ ते २०१५ या काळात प्रसिद्ध झालेल्या पाच कादंबऱ्यांची ही मालिका बालकुमारांसाठी लिहिलेली असली, तरी घरातील वडीलधाऱ्यांनीही ती अवश्य वाचावी.

कथेतील दोघीही चेटकिणी आहेत. परंतु या शब्दाने मनात येणारी भीती येथे दूर ठेवावी. प्रॅचेट यांच्या कल्पित जगातील चेटकीण म्हणजे गावाची सुईण, वैद्य आणि पंच. बाळंतपण करणे, आजाऱ्यांची विचारपूस करणे, म्हाताऱ्यांची नखे कापणे, मृताजवळ रात्र जागवणे हेच तिचे नित्यकर्म. मोबदला रोख मिळत नाही. कोणी खाण्याचे जिन्नस देतो, कोणी जुने कपडे.

ग्रॅनी वेदरवॅक्स या क्षेत्रातील सर्वश्रेष्ठ. तिला स्वतःची चूक सहन होत नाही आणि दुसऱ्याचा ढिसाळपणाही. टिफनी एकिंग मात्र अवघी अकरा वर्षांची शिकाऊ. 'अ हॅट फुल ऑफ स्काय' या दुसऱ्या कादंबरीत ग्रॅनी स्वतःची टोपी तिला देते. याहून मोठा सन्मान नाही. तरीही टिफनी ती आदरपूर्वक परत करते, कारण आपली टोपी आपणच मिळवली पाहिजे, हे तिला उमगलेले असते.

'विंटरस्मिथ' (२००६) मध्ये खरी कसोटी येते. वृद्ध मिस ट्रीझनच्या मृत्यूनंतर तिचे घर आणि गावांची जबाबदारी ॲनाग्रामा या गर्विष्ठ मुलीकडे जाते. तिचे शिक्षण दिखाऊ, पुस्तकी मंत्रविद्येचे. प्रसूती वा मृत्यू तिने जवळून पाहिलेला नाही. ती फसली म्हणजे तिच्या गुरूची पद्धत खोटी ठरेल, असा ग्रॅनीचा हिशेब असल्याचे टिफनी ओळखते. हिशेब बिनचूक असतो, पण त्याची किंमत आजारी व गरीब गावकऱ्यांना मोजावी लागणार असते. म्हणून टिफनी मैत्रिणींना जमवते आणि जिने आपला उपहास केला त्याच मुलीला काम शिकवते. गुरूचा चोखपणा तिने घेतला, गुरूचा अहंकार घेतला नाही.

शेवटच्या 'द शेफर्ड्स क्राउन' मध्ये ग्रॅनीला आपला अंतकाळ कळतो. ती घर घासून पुसून लख्ख करते, स्वतःच्या दफनासाठी वेताची करंडी विणते आणि सर्व काही टिफनीच्या नावे ठेवते. टिफनी दोन्हीकडचा कारभार ओढू पाहते आणि थकून जाते. अखेर ग्रॅनीचे घर ती जेफ्री या सौम्य स्वभावाच्या मुलाला सोपवते, आपल्या माळरानावर परतते आणि आजीच्या जुन्या मेंढपाळी गाडीची चाके वापरून स्वतःची झोपडी उभारते. वारसा नाकारला जात नाही. तो योग्य ठिकाणी पोहोचतो.

ही कादंबरी प्रॅचेट यांची अखेरची. २००७ मध्ये त्यांना अल्झायमर असल्याचे निदान झाले, तरी ते लिहीत राहिले. मार्च २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी पुस्तक प्रसिद्ध झाले.

आरंभ 'द वी फ्री मेन' पासून करावा. त्यातील बुटके योद्धे मद्यपी आणि भांडखोर आहेत, हे पालकांनी ध्यानी घ्यावे. मुलांनी वाचून झाल्यावर ग्रॅनीचे काय चुकले, हे त्यांनाच विचारावे, आणि वडीलधाऱ्यांनी ते उत्तर शांतपणे ऐकावे.