न बनलेल्या विमानाचे वारस

सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं आणि पुढच्याच महिन्यात नाशिकजवळच्या ओझरहून, तिथंच बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. एकाला निरोप, दुसऱ्याला टाळ्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६४ साली मिगसाठी उभ्या राहिलेल्या कारखान्यातून आता देशी आखणीचं लढाऊ विमान निघतंय, याचा मराठी माणसाला अभिमान वाटला तर त्यात वावगं काही नाही. पण या दोन विमानांच्या मध्ये एक तिसरं विमान आहे, त्याची आठवण कुणी काढली नाही. काढणार तरी कशी? ते कधी बनलंच नाही. त्याचं नाव एचएफ-७३.

जे बनलं नाही त्याची आठवण कशाला, असं कुणी विचारेल. तर मग फोके-वुल्फ टीए-१८३ची गोष्ट ऐकावी लागेल. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या महिन्यांत हान्स मुल्टहॉप या जर्मन आखणीकारानं हे जेट विमान कागदावर उतरवलं. पंख मागे झुकलेले, शेपटी उंच. युद्ध संपलं, कारखाना ब्रिटिशांच्या हाती गेला, विमान राहिलं कागदावर. मागे झुकलेल्या पंखाची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ बुझेमान यांनी १९३५ सालीच रोममधल्या परिषदेत मांडली होती. आवाजाच्या वेगाजवळ पोचलं की पंखापुढची हवा दाटते आणि विमान अडतं. पंख तिरका असेल तर हवेच्या वेगाचा काही भागच त्याच्याशी आडवा येतो आणि ही अडचण बरीच पुढे ढकलली जाते. तेव्हा एवढ्या वेगाचं इंजिनच नव्हतं, म्हणून परिषदेत कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दहा वर्षांनी अमेरिकेनं हेच जर्मन कागद वाचून आपल्या सेबर विमानाचे सरळ पंख बदलून तिरके केले. मेसरश्मिटचं पी-११०१ हे अर्धवट राहिलेलं विमान तर अमेरिकेनं उचलूनच नेलं; १९५१ साली उडालेलं, उडता उडता पंखाचा कोन बदलणारं बेल एक्स-५ त्याच्यावरून आलं. रशियाचं मिग-१५ हे टीए-१८३ची नक्कल आहे असं अनेक जण ठोकून देतात, ते मला पटत नाही. एकच अडचण सोडवायला बसलेल्यांची उत्तरं सारखी दिसू शकतात.

टीए-१८३ची माणसं मात्र खरोखरच फिरली. मुल्टहॉप आधी ब्रिटनला आणि मग अमेरिकेला गेला. पंखांशिवाय तरंगणाऱ्या एक्स-२४एच्या आकारामागं त्याचं डोकं होतं. फोके-वुल्फ कंपनीचा मुख्य आखणीकार कुर्ट टांक गेला अर्जेंटिनात. त्यानं १९५० साली उडवलेलं पुल्की-२ हे टीए-१८३चंच पुढचं रूप. तिथं पेरॉन यांची सत्ता गेली तेव्हा टांक आपल्या जर्मन सहकाऱ्यांना घेऊन १९५६ साली बंगळुरूला आला. तिथं बनलं एचएफ-२४ मारुत. आधी त्याच मापाचं लाकडी, बिनइंजिनाचं विमान करून ते डाकोटा विमानामागं ओढून उडवून पाहिलं आणि १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी खरं मारुत उडवलं. बर्लिन पडताना कागदावर राहिलेल्या आखणीचे हात सोळा वर्षांनी बंगळुरूत कामाला आलेले होते.

त्या हातांना इथं जोडीदार मिळाले, तेही योगायोगानं नव्हे. कोल्हापूरकडच्या हसूरचे विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केली होती. मुल्टहॉपही त्याच ग्योटिंगेनच्या परंपरेतला. घाटगेंनी १९४२ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू केला आणि त्यांनी आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान १९५१ साली उडालं. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव शोधायला गेलं तर भिंग लागेल. दरवर्षी आमच्या मोबाइलवर फिरतो तो १८९५ साली गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपद्यांनी विमान उडवल्याचा मजकूर. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह पुरावा नाही. या मजकुराच्या बरोबर ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चे दाखले दिले जातात, त्यातल्या आकृत्या विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासल्या आणि ती यानं उडूच शकत नाहीत असं लिहून ठेवलं. तीही न बनलेली विमानंच. त्यांच्या पोटी मात्र एकही विमान जन्माला आलं नाही, कारण त्यामागं ना वाऱ्याच्या बोगद्यातली मोजणी, ना ताणाचा हिशेब.

मारुतचं घोडं अडलं इंजिनावर. टांकनं विमान आखलं आवाजाच्या दुप्पट वेगाच्या हिशेबानं. त्यासाठी लागणाऱ्या ब्रिटिश ऑर्फियस-१२ इंजिनाच्या विकासाचा खर्च उचलायला ना ब्रिटिश तयार, ना दिल्ली. शेवटी छोट्या नॅट विमानाचीच दोन इंजिनं बसवली आणि मारुत जेमतेम आवाजाच्या वेगाला शिवलं. तरीही १९७१च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यानं काम केलं. याच अनुभवावरून पुढचं विमान म्हणजे एचएफ-७३ आखायला घेतलं, जर्मन कंपनीच्या साथीनं. पुन्हा हव्या त्या इंजिनाचं जमेना. प्रकल्प गुंडाळला आणि १९७८ साली परदेशी जॅग्वार विमानं घ्यायचं ठरलं.

एक प्रकल्प गुंडाळणं हा गुन्हा नव्हे. जगात आखलेल्या विमानांपैकी फार थोडी बनतात. पण मुल्टहॉपचं विमान बुडालं तरी मुल्टहॉपला कुणीतरी टेबल दिलं, टांकला दिलं. आम्ही आमच्याच माणसांना पुढचं टेबल दिलं नाही. मारुत १९६१ साली उडालं. त्यानंतरचं आपल्या आखणीचं लढाऊ विमान, तेजस, ४ जानेवारी २००१ रोजी. जवळजवळ ४० वर्षं. एवढ्या काळात उमेदवारीला लागलेला तरुण निवृत्त होतो. तेजसच्या कामाला लागलेल्यांना बऱ्याच गोष्टी नव्यानं शिकाव्या लागल्या, त्या उशिराचं खापर आपण आजही त्यांच्याच डोक्यावर फोडतो.

मराठवाड्यातल्या जवळा बाजार, औंढा, वसमतकडची जी मुलं नांदेड-पुण्याला अभियांत्रिकीला जातात त्यांच्यापर्यंत यातलं काय पोचतं? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे अनेकदा दुकानातून तयार आणलेला अहवाल, काळी बांधणी, सोनेरी अक्षरं, तोंडी परीक्षा, कपाट. फसलेली आखणी हातात घेऊन ती कुठे फसली, हा हिशेब करायला त्यांना कुणी बसवत नाही. त्यासाठी एचएफ-७३सारखं साहित्य दुसरं नाही: इंजिन बदललं तर वजन किती वाढतं, हवा आत घेणारी तोंडं किती रुंदावी लागतात, पल्ला किती घटतो. ओझरला विमानसुधारणेचं संशोधन केंद्र आहे, सुखोईवर ब्रह्मोस बसवण्याचं काम तिथल्या लोकांनी केलेलं आहे. शिकवणारे आहेत म्हणजे.

युरोप-अमेरिकेत अशा न बनलेल्या विमानांच्या आखण्यांची जाडजूड पुस्तकं निघतात. एचएफ-७३ गुंडाळून पन्नास वर्षं होत आली. ज्या विमानाचं इंजिनही आता संग्रहालयात पाहायला मिळतं, त्याच्या आखणीत शत्रूपासून लपवण्यासारखं काय उरलंय? संरक्षण खात्यानं ते कागद अभियांत्रिकी महाविद्यालयांना खुले करावेत, आणि पहिली प्रत नांदेडला पाठवावी.