चाक घासते का?

मुलाने ऐटीसाठी स्प्रिंगा कापून मोटार खाली बसवली आणि आता चार माणसे बसली, की खड्ड्यात चाक घासते? मडगार्डच्या आतून खडू फासा, गाडी भरून सावकाश फिरवा. खडू पुसला जाईल तिथे चाक लागते. फक्त वळताना घासत असेल, तर बहुधा टायर मापापेक्षा रुंद असतो. गाडी दबल्यावर घासत असेल, तर दोष कापलेल्या स्प्रिंगांचा. मडगार्डची कड ठोकून आवाज थांबेलही. पण कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागेवरून निसटू शकते, आणि बाजाराला म्हातारी आई त्याच गाडीतून जाते! मूळ मापाच्याच स्प्रिंगा बसवून घ्या. टायर आतल्या बाजूनेही पाहा. दोरे दिसू लागले असतील, तर तो स्टेपनीलाही ठेवू नका.