सुईदोरा मुलांच्या हाती देऊया

शर्टाचं बटण तुटलं की आज घराघरांत काय होतं? शर्ट कपाटाच्या तळाशी जातो. दिवाळीच्या आवराआवरीत तो पुन्हा हाती लागतो, तोवर मुलाला आखूड झालेला असतो. मग तो कुणाला तरी देऊन टाकायचा, नाहीतर कचऱ्याच्या पिशवीत. काम पाच मिनिटांचं होतं. पण आजीला सुई ओवता येईना, आईला सवड नाही, बाबांना कुणी शिकवलंच नाही. आणि घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला हे काम सांगावं, असं आपल्या मनातही आलं नाही.

ही सवय आपल्या घरांची नव्हती. मुलांना कपडे शिवायचे ते वाढत्या अंगाचे. चड्डीच्या शिवणीत माया ठेवलेली असायची, फ्रॉकच्या खाली दोन बोटांची दुमड. जून उजाडला की ती दुमड उसवायची आणि फ्रॉक आणखी एक वर्ष चालायचा. लुगडं विरलं की त्याची दुपटी नि झबली व्हायची, कारण तान्ह्या अंगाला तेवढं मऊ कापड विकत मिळत नाही. उरलेलं गोधडीत. त्यातूनही उरलेलं पायपुसण्याला. धड असलेलं बोहारणीला देऊन घरात एखादं पातेलं यायचं. गाडगेबाबा तर अंगावर चिंध्यांचीच गोधडी पांघरून गावोगाव फिरले आणि लोक त्यांना गोधडे महाराज म्हणू लागले. ठिगळाची लाज या मातीला कधी नव्हती.

गोधडी शिवताना एकदा जवळ बसून पाहा. खाली जुनी साडी अंथरतात. तिच्यावर धोतरं, चादरी, सुती तुकडे एकाला एक भिडवून लावतात आणि वरून दुसरं लुगडं. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो. एकेक फेरी आत सरकत जाते. डावा तळहात पुढचं कापड सपाट करत राहतो, म्हणजे चुणी पडत नाही. समोरासमोर बसलेल्या दोघी-तिघींचे टाके सारख्या अंतराने पडतात. मोजपट्टी कुणाच्याच हातात नसते. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. तो शेजारी बसून येतो, आणि आपल्या मुलांचं ते शेजारी बसणंच थांबलं आहे.

याची किंमत मोठी आहे. एक सुती टी-शर्ट तयार व्हायला कापसाच्या शेतापासून रंगाईपर्यंत सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा नेहमी सांगितला जाणारा अंदाज आहे. त्या कापसामागे यवतमाळ-अकोल्याच्या कोरडवाहू रानात बोंडं वेचणाऱ्या आपल्याच आयाबहिणींचे कष्ट आहेत. मग सुती शर्ट एका बटणापायी टाकायचा? पॉलिएस्टरचं तर आणखी अवघड. ते खनिज तेलापासून बनतं आणि मातीत कुजत नाही. पानिपतच्या गिरण्या जुन्या लोकरी कपड्यांचं सूत काढून त्याच्या घोंगड्या विणतात, ते मोलाचं काम आहे. पण कापूस आणि पॉलिएस्टर एकत्र विणलेल्या आजच्या कपड्यांतून धागे वेगळे करणं फार कठीण जातं. म्हणून कपडा कचऱ्यात जाण्याआधी घरातच वाचवायला हवा.

मला त्याहूनही मोठी वाटते ती मुलाला होणारी कमाई. बटण लावायचं म्हणजे काय काय करायचं? बटणावर आगकाडी आडवी धरून तिच्यावरून टाके घ्यायचे. काडी ओढून काढायची. सैल झालेला दोरा बटणाखाली चार-पाच वेढे देऊन आवळायचा, मग मागे गाठ. असं लावलेलं बटण काजात सहज बसतं आणि लवकर तुटत नाही. एवढं जमलं की मुलाचा चेहरा पाहावा! मोडलेली वस्तू आपल्याला नीट करता येते, हा भरवसा त्याला त्या एका बटणातून मिळतो. चुकलेला टाका उसवायचा, पुन्हा घालायचा. त्यात रडण्यासारखं काही नाही, हेही त्याला कळतं.

आणि हो, हे मुलग्यांनाही शिकवायचं आहे. आपल्या बाजारपेठेत मशीनवर बसलेले शिंपीकाका पुरुषच आहेत, जुन्या कपड्यातलेच धागे काढून भोक अदृश्य करणारे रफूगारही बहुतेक पुरुषच. मग घरातली सुई फक्त मुलीच्याच हाती का?

शाळांची दारं आज उघडी आहेत, याचा फायदा घेऊया. वर्ध्यात १९३७च्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली, तिचा पायाच हाताच्या कामावर होता. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायला सांगितलं आहे. आपल्या राज्यात 'आनंददायी शनिवार'ही आहे. त्या कारागिरांत गल्लीतले शिंपीकाका का नसावेत? शाळांचे गणवेश शिवलेल्या बचत गटांच्या ताई गावोगाव आहेत, त्यांना बोलवायला काय हरकत आहे? पालकसभेत हा विषय आपण काढू. मुख्याध्यापक नाही म्हणणार नाहीत, फक्त कुणीतरी पुढे व्हायला हवं. शिकवायला येणाऱ्यांना मानधन मात्र जरूर द्यावं. कारागिराचा वेळ फुकटचा नसतो.

शाळेत जमेपर्यंत सोसायटीचा हॉल, देवळाचा सभामंडप, वाचनालयाची ओसरी चालेल. आजी-आजोबांना आग्रहाने बसवा. सुई ओवायचं काम नातवंडांचं, टाका दाखवायचं त्यांचं. सहा-सात वर्षांच्या मुलांना गोणपाटावर दाभण आणि लोकर द्या. दाभणाचं टोक आधी घासून बोथट करा. दहाच्या पुढे बटण, हूक, उसवलेली शिवण, उलटी टीप. बारा-तेराव्या वर्षी, मोठं माणूस शेजारी असताना, मशीन. सुया मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. हा नियम पहिल्या दिवसापासून.

सुरुवात जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी करून करावी. पाय कापायचा, उलटा करायचा, खालचं तोंड उलट्या टिपेने शिवायचं, वरची कड दुमडायची, कापडाचेच दोन पट्टे लावायचे. एका दुपारी होते. ती पिशवी घेऊन मूल भाजीला गेलं की दुसऱ्या दिवशी शेजारची दोन मुलं विचारत येतात.

तेव्हा या शनिवारी घरातलं बटण तुटलेलं, शिवण उसवलेलं, काठ सुटलेलं सगळं एका टोपलीत काढा. एक सुयांचं पाकीट, काळा नि पांढरा दोरा, एक कात्री, आणि चाळीतली, वाडीतली, इमारतीतली चार मुलं. बरोबर अकराला बसू.