चालकाविना गाडी, रस्त्याविना शिवार



मुंबईची दहिसर-अंधेरी मेट्रो जानेवारी २०२३ पासून पूर्ण धावू लागली. चालकाविना चालू शकतील अशी तिच्या गाड्यांची बांधणी आहे. पण मेट्रोला स्वतःचा रूळ आहे. चालकाविना मोटारीला रस्त्यावरचे पट्टे, फलक, सिग्नल वाचावे लागतात. ते देशभर एकसारखे हवेत.

असा मेळ जमतो. मुलुंडच्या नाक्यावर चालणारा ट्रकचा फास्टॅग नागपूरलाही चालतो, कारण केंद्र, राज्ये आणि बँका एका नियमावर आल्या.

आमचे यंत्राशी वैर नाही. सवाल एवढाच: ही एकी आमच्या पांदण रस्त्यावर का दिसत नाही? ऐन वेचणीत पाऊस आला की कापसाची बैलगाडी चिखलात रुतते. तिथे पट्टा सोडा, खडीसुद्धा नाही.

आधी शिवारापर्यंत रस्ता द्या. मग खुशाल चालकाविना गाड्या आणा!